धूर थांबेल; कारखान्याचे काय?

तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून दुचाकी काढत कामावर जाणाऱ्या कामगाराला डिझेलच्या धुराचे दुष्परिणाम सांगावे लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. देशातील वाहनांत ट्रकांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के. मात्र रस्ते वाहतुकीतून हवेत जाणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी निम्म्याहून अधिक त्यांचे, असे नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालात म्हटले आहे. त्यामुळे धूर न सोडणारे ट्रक हवेत, याबद्दल दुमत असू नये. प्रश्न वेगळाच आहे. हा कामगार ज्या कारखान्यात जातो, तिथे बनणारा सुटा भाग उद्याच्या ट्रकला लागेल का?

पुण्याचा वाहन उद्योग इंजिनाभोवती वाढला. भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट, कमिन्सची डिझेल इंजिने, टाटा मोटर्सचे ट्रक आणि त्यांच्यासाठी लेथ चालवणारी भोसरी-चिंचवडमधील असंख्य छोटी वर्कशॉप, अशी ही साखळी आहे. बॅटरीवरच्या ट्रकला पिस्टन, क्रँकशाफ्ट, इंजेक्टर, टर्बोचार्जर, सायलेन्सर यांपैकी काहीच लागत नाही. गिअरबॉक्सही बराच सुटसुटीत होतो. चासी, अ‍ॅक्सल, पाटे, ब्रेक, चाके मात्र राहतात. बॅटरीच्या वजनामुळे ती उलट अधिक भक्कम लागतात. भर पडते ती मोटारीचे अ‍ॅल्युमिनियमचे कवच, बॅटरीची पेटी, ती थंड ठेवणारी यंत्रणा आणि उच्च दाबाच्या वायरिंगची. म्हणजे काम संपत नाही, ते बदलते. पण पिस्टनची पिन बनवणाऱ्याला आपोआप बॅटरीच्या पेटीचे काम मिळत नाही.

नव्या साखळीचे दुसरे टोकही कच्चे आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आकुर्डीच्या बजाज ऑटोला विजेवरच्या दुचाकींचे उत्पादन कमी करावे लागले. चुंबक देशात बनावेत म्हणून केंद्राने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कच्च्या तेलाच्या आयातीतून सुटायचे आणि चुंबक व बॅटरीच्या आयातीत अडकायचे, असे होऊ द्यायचे नसेल, तर अशा योजना कागदावर राहून चालणार नाहीत.

हा बदल एका रात्रीत होणार नाही, ही जमेची बाजू. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत जुलै २०२५ पासून विजेवरच्या ट्रकला कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे साह्य जाहीर झाले. पण ते देशभरातील सुमारे ५,६०० ट्रकांपुरतेच आहे. डिझेल ट्रक आणखी बरीच वर्षे बनतील. मिळालेला हा अवधी वापरायचा की घालवायचा, एवढेच आता ठरायचे आहे.

आजवरचा भर ट्रक खरेदी करणाऱ्यांवर आणि मोठ्या उत्पादकांवर राहिला. वाहन उद्योगासाठीच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत सुटे भाग बनवणाऱ्या प्रस्थापित समूहाला किमान ५०० कोटींच्या महसुलाची अट आहे. दहा-वीस कामगारांचे वर्कशॉप तिथे दारातही उभे राहू शकत नाही. अशा उद्योजकांना यंत्रे बदलण्यासाठी स्वस्त कर्ज हवे, नव्या भागांच्या चाचण्यांसाठी कोथरूडच्या एआरएआयमध्ये सवलतीचे दर हवेत आणि आयटीआयमध्ये उच्च दाबाच्या विद्युत प्रणालींचे प्रशिक्षण हवे. कोणता भाग किती वर्षे लागणार, हे मोठ्या कंपन्यांनीही आपल्या पुरवठादारांना वेळेत सांगायला हवे. ऑर्डर थांबल्यावर कळून उपयोग नाही.

हवा स्वच्छ झाली तर सर्वांत आधी मोकळा श्वास घेईल तो चाकणच्या रस्त्यावरचा कामगार. पण तेव्हाही रोज सकाळी त्याला त्या रस्त्याने जायला कारण उरले पाहिजे.