ऑस्कर परत गेले, आपण काय शिकलो?

सन २०१२ च्या अखेरीस लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हॉलिवूडच्या चित्रपटांतील शंभराहून अधिक वेशभूषांचे प्रदर्शन भरले होते. त्याच सुमारास मुंबईत भानू अथय्या यांनी आपले ऑस्कर पारितोषिक सुरक्षित राहावे म्हणून ते देणाऱ्या अमेरिकेतील अकादमीकडेच परत सोपविले. तिकडे नटनट्यांचे अंगरखेही काचेआड जपले जात होते आणि इकडे जगन्मान्य पारितोषिकालाही विश्वासाची जागा सापडत नव्हती.

कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात १९२९ साली जन्मलेल्या या मराठी कन्येने १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत हा सन्मान मिळविला. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ साली चोरीस गेले, ते उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांचा निर्णय अनेकांना बोचला; परंतु तो खोडून काढील असा एकही खात्रीचा पर्याय कोणी पुढे केला काय? २०२० साली त्या निवर्तल्या. श्रद्धांजलीचे लेख आले आणि विषय संपला!

‘चित्रपटातले कपडे म्हणजे का वारसा?’ असे विचारणारे सुशिक्षितही आपल्यात आहेत. ‘आलम आरा’ या १९३१ सालच्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही, ती याच वृत्तीमुळे. करमणुकीची वस्तू कोण जपणार, असे म्हणता म्हणता इतिहासच हातून निसटतो. शिवाय ‘गांधी’ चित्रपटात वस्त्र ही शोभेची बाब नव्हती. आफ्रिकेतील सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून पंचा नेसलेल्या लोकनेत्यापर्यंतचे स्थित्यंतर प्रेक्षकाला दिसते ते पोशाखातूनच. १९२१ साली मदुराईत गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी केले, तो एक राजकीय निश्चय होता. त्यांच्या विचारांशी कोणाचे कितीही मतभेद असोत, स्वदेशी वस्त्राचे हे सामर्थ्य नाकारता येत नाही.

मुंबईत गुलशन महल या जुन्या वास्तूच्या आवारात २०१९ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडले, हे स्वागतार्हच आहे. पण चित्रपटातील खादीला खरा अर्थ लाभेल तो वर्ध्यात. हिंगणघाटचा नामांकित कापूस याच जिल्ह्यातला. १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य असलेले सेवाग्रामही इथलेच. ३० डिसेंबर १९३८ रोजी त्यांच्याच हस्ते उघडलेले मगन संग्रहालय वर्धा शहरात उभे आहे. पडद्यावरील वेशभूषेचे प्रदर्शन या वास्तूत भरले, तर एका दालनात शिंप्याची व कलावंताची करामत दिसेल आणि शेजारीच ती ज्यावर उभी आहे तो चरखा. सहलीला आलेला विद्यार्थी बापू कुटीसमोर छायाचित्र काढून पुढच्या बसला पळणार नाही. धागा कोण काढतो, कापड कोण विणतो, असे प्रश्न विचारू लागेल.

मात्र फीत कापून मोकळे होण्याचा हा कार्यक्रम नव्हे. वस्त्र हे दगडापेक्षा नाजूक असते. प्रखर प्रकाशात रंग उडतो, दमटपणात बुरशी धरते, वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेली जर तुटते आणि साध्या लाकडी फळीच्या स्पर्शाने पांढरे सूत पिवळे पडते. वर्ध्याचा उन्हाळा तर पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. म्हणून मंद प्रकाश, आम्लविरहित कागद, नियंत्रित हवा आणि प्रशिक्षित माणसे हवीत. त्यासाठी शासनाने तरतूद करावी, विद्यापीठांनी वस्त्रसंवर्धनाचे शिक्षण द्यावे आणि लग्नमंडपावर लाखो उधळणाऱ्या समाजानेही आपला वाटा उचलावा.

सुरुवात मात्र घरापासून करावी लागेल. आजीची नऊवारी पैठणी बोहारणीच्या पाटीत टाकून स्टीलचे पातेले घेणाऱ्या कुटुंबाला संग्रहालयांच्या अनास्थेवर बोलण्याचा अधिकार उरत नाही. ज्या समाजाला आपल्या ट्रंकेतील ठेवा ओळखता येत नाही, त्याचे मानचिन्ह सातासमुद्रापार जपले जाते. ही कृतज्ञतेची नव्हे, लाजेची गोष्ट आहे!