कायद्याच्या शिक्षणाला 'घाटी' हवी

वैद्यकाचा विद्यार्थी केवळ ग्रंथ वाचून डॉक्टर होत नाही. त्याला रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्यातील गोरगरिबांवर उपचार होतात आणि तेथेच नवे डॉक्टर घडतात. त्या व्यवस्थेत उणिवा असतील. पण तिचे तत्त्व निर्विवाद आहे. कायद्याच्या शिक्षणाने हे तत्त्व कागदावर स्वीकारले, व्यवहारात मात्र अभावानेच. मानवी हक्क हा विषय अभ्यासक्रमात आला, प्रश्नपत्रिकेत आला, दर १० डिसेंबरला व्यासपीठावरही येतो. परंतु ज्याचा हक्क डावलला गेला आहे अशा एकाही माणसाचा अर्ज न लिहिता विद्यार्थी पदवीधर होऊ शकतो, ही गोष्ट चिंतनीय आहे.

तरतुदींची वाण आहे असे नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व राज्यघटनेच्या ३९-अ अनुच्छेदात आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता वकील देण्याची हमी त्यात आहे. विद्यापीठे व विधी महाविद्यालये यांच्यात साहाय्य केंद्रे उभारण्याचा उल्लेखही त्याच कायद्यात आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयात असे केंद्र आवश्यक ठरविले. २०११ च्या नियमांनी तर विद्यार्थ्यांना त्यासाठी गाव दत्तक घेण्याची मुभा दिली. मग उणीव कोठे आहे?

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, जे मोफत म्हणून दिले जाते तेही घेणाऱ्याला फुकट पडत नाही. सोयगावच्या शेतमजूर बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडमार्गे जावे लागते. २०२३ पासून एस.टी.त तिला निम्मे तिकीट पडते, हे खरे. पण बुडालेल्या मजुरीत सवलत नसते. साहेब जागेवर नसले की दुसरी खेप, कागद अपुरा निघाला की तिसरी. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत तीन रोज बुडविणे तिला परवडत नाही. ती हक्क सोडून देते, आणि आपण मात्र तिला अज्ञानी म्हणतो. वस्तुतः तिने आपल्या परीने चोख हिशोब केलेला असतो. साहाय्य केंद्राचे खरे काम हा खर्च कमी करण्याचे आहे. म्हणून ते शहरातील महाविद्यालयाच्या एका खोलीत न राहता तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत आले पाहिजे.

हक्क पुष्कळदा किती लहानशा कागदावर उभा असतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. मागूनही पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. पण काम मागितल्याची तारीखवार पोच हाती नसेल, तर भत्ता मागायचा कशाच्या आधारावर? अर्ज लिहिणे, पोच घेणे, मुदत मोजणे, स्मरणपत्र धाडणे, ही कामे विद्यार्थी करू शकतो. सनद नसल्याने तो न्यायालयात बाजू मांडू शकत नाही. परंतु अनेक हक्क न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच, कचेरीच्या खिडकीपाशी हरवतात.

असे काम होऊ शकते, याचा दाखला मुंबईत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि १९९० मध्ये कोठडीतील माणसांसाठी 'प्रयास' हा प्रकल्प हाती घेतला. अशा प्रकल्पांतून संस्थेच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कार्यानुभव मिळत आला. हे विद्यार्थी समाजकार्याचे, हे ध्यानात घेतले म्हणजे विधी महाविद्यालयांची जबाबदारी अधिकच ठळक होते. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, काही अपवाद वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याची कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सुटका व्हावयास हवी. हा काळ मोजण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. कोणी तरी नेमाने मोजणारा हवा.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. गरिबाच्या प्रकरणावर विद्यार्थ्याने हात साफ करून घ्यावा काय? परीक्षा जवळ आली की तो निघून जाईल. मग अर्धवट राहिलेल्या प्रकरणाचे काय? शिवाय रुग्णालयातील प्राध्यापक स्वतः रुग्ण तपासतो, विधी महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकास मात्र वकिली करता येत नाही. म्हणूनच प्रत्येक केंद्रावर विधी सेवा समितीच्या यादीतील एका वकिलाची जबाबदारी निश्चित असावी, पक्षकाराची गुप्तता पाळली जावी आणि जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपली नस्ती येणाऱ्याच्या हाती रीतसर सोपवावी. गुण द्यायचे ते शिबिरातील फलकाला आणि छायाचित्राला नव्हे, शेवटपर्यंत नेलेल्या प्रकरणाला द्यावेत. निकाल विरुद्ध गेला तरी चालेल. पाठपुरावा सुटता कामा नये.

जिल्ह्याच्या ठिकाणी माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. त्यांनी सोयगावसारखे दूरचे तालुके आपसांत वाटून घेतले, तर तालुक्यातील कला व वाणिज्य शाखांचे विद्यार्थी त्यांच्या मदतीस उभे राहू शकतील. मजुरीचा हिशोब आणि गावची बोली या दोन्ही गोष्टी त्यांना अवगत असतात. यासाठी मोठी इमारत नको. बाजाराच्या दिवशी एक टेबल, एक नोंदवही आणि न चुकता येणारा माणूस पुरे. आठवड्यामागून आठवडा त्या टेबलाशी बसलेल्या विद्यार्थ्याला मानवी हक्कांची व्याख्या वेगळी पाठ करावी लागणार नाही. तेव्हा येत्या १० डिसेंबरला विद्यापीठांनी आणखी एका व्याख्यानाऐवजी निकाली निघालेल्या अर्जांची संख्या जाहीर करावी. ती लहान असली तरी हरकत नाही. मात्र ती खरी असावी.