बोलण्याचा तास सोमवारी का नको?



राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आपल्याकडून गेलेलं मूल नववीत पोचतं तेव्हा त्याची इंग्रजीची आठ वर्षं झालेली असतात. तरी हायस्कूलचं साप्ताहिक नियोजन बघा : धडा, प्रश्नोत्तरं, व्याकरण, पत्रलेखन. बोलण्याचा तास शनिवारी, तोही वेळ उरला तर! कारण उघड आहे. दहावीला लेखी ८० गुण, तोंडी-अंतर्गत मिळून २०. जिथे गुण, तिथे तास.

पण आपल्या अलिबाग-मुरुड पट्ट्यात शनिवार-रविवार पर्यटकांचा. नागाव, काशिदला कितीतरी घरं पाहुण्यांना खोल्या देतात, मुलंही हाताशी असतात. इंग्रजी कानावर पडतंच. ते सोमवारी ताजं असतं, म्हणून बोलण्याचा तास सोमवारीच ठेवा. एक पाहुणा, एक यजमान. खोलीचं भाडं, मांडव्याच्या बोटीची वेळ, जंजिऱ्याची वाट. मंगळवारी तोच संवाद वहीत उतरवायचा. बुधवार-गुरुवार धडा. शुक्रवारी व्याकरण, पण मुलांच्याच वाक्यांवरून. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा उजळणी.

यात गुण बुडत नाहीत, कारण संवादलेखन दहावीच्या पेपरातही असतं. उलट पोराला लिहिताना वाक्य आठवावं लागत नाही, ते तोंडात बसलेलं असतं.

आणि पालकहो, "किती मार्क पडले?" याआधी एकदा विचारा, "या आठवड्यात इंग्रजीत काय बोललास?" उत्तर आलं नाही, तर शाळेत येऊन आम्हालाही विचारा.