फॉरवर्ड पुष्कळ, आपले काय?

सकाळी सात वाजायच्या आत माझ्या मोबाइलवर गुलाबाची फुले, उगवता सूर्य आणि सुविचार यांची पंचवीस-तीस चित्रे येऊन पडलेली असतात. पाठवणारे सगळे आपलेच, बडोद्याचे मराठी. त्यांतले एकही त्यांनी स्वतः केलेले नसते. मी बँकेतला कारकून, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो : भरणा कोणीच करत नाही, एकच चेक या हातातून त्या हातात फिरतो आहे.

हे चेष्टेने लिहीत नाही. आमच्या घराने याची किंमत मोजली आहे. २०१७ च्या दिवाळीत माझ्या भाच्याने आमच्या आत्याला बोलते केले आणि वीसेक मिनिटे मोबाइलवर रेकॉर्ड केली. आत्याचा जन्म १९३३ चा. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ती शाळेत होती. १९६० साली गुजरात वेगळे झाले तेव्हा दोन मुलांची आई. ‘इथेच राहायचे की पुण्याला जायचे’ यावर घरात किती रात्री वाद चालले, कोण गेले, कोण राहिले, हे सगळे ती सांगत होती. आणि तेही आपल्या बडोदी मराठीत, जिथे दाराबाहेर फाटक नसते, झांपा असतो. रेकॉर्डिंग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले, सर्वांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली, विषय संपला. २०१९ साली आत्या गेली. तेराव्याला तिचा आवाज ऐकावा म्हणून शोधू लागलो, तर एकाच्याही मोबाइलमध्ये सापडेना. भाच्याने फोन बदलला होता. बाकीच्यांनी मेमरी भरली म्हणून सरसकट साफसफाई केली होती. मीही केली होती. मेमरी कशाने भरली होती, हे सांगायला नकोच.

व्हॉट्सॲप हे निरोप पोचवण्याचे साधन आहे, जपून ठेवण्याचे कपाट नव्हे, हे तेव्हा कळले. अफवा पसरू लागल्या म्हणून २०१८ साली त्या कंपनीने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. स्वतःचे काही तयार करायला मात्र कोणी मर्यादा घातलेली नाही.

‘मराठीत टाइप करता येत नाही’ ही सबबही आता चालायची नाही. २०१७ पासून गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलले की अक्षरे उमटतात. चुका होतात, विशेषतः आपल्या गुजराती मिसळीच्या बोलण्याला ते यंत्र अडखळते, पण दुरुस्त करता येतात.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. तो दर्जा मिळायला जुने पुरावे लागले. कोणीतरी ते लिहून, कोरून ठेवले होते म्हणून सापडले. बडोद्याच्या मराठीचा पुरावा कोण ठेवणार? पुण्या-मुंबईचे पाहुणे तर आपल्या बोलण्याला हसूनच जातात. मराठी शाळा आणि ग्रंथालये यांसाठी आपण ठराव करतो, ते योग्यच. घटनेचे २९ वे कलम आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. जतन करण्याचे काम मात्र दिल्लीहून कोणी येऊन करून देणार नाही.

रेकॉर्ड करताना एक गोष्ट बँकेतून घ्या. व्हाउचरवर तारीख, नाव आणि तपशील नसेल तर ऑडिटर ते फेकून देतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलणाऱ्याचे नाव, वय, गाव, तारीख बोलून घ्या. आधी परवानगी विचारा. घरातल्या वाटणीची भांडणे ग्रुपवर टाकू नका. ज्येष्ठ माणसे एकदा बोलू लागली की तिथेही पोचतात! जुन्या कागदांचे आणि मोडी पत्रांचे फोटो दिवसाच्या उजेडात, सावली न पडू देता काढा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होतो, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा आणि दोन ठिकाणी ठेवा. जे सर्वांसाठी खुले करायला घरच्यांची हरकत नसेल, ते विकिमीडिया कॉमन्सवर विनामूल्य चढवता येते.

आता मंडळाकडे वळतो. दरवर्षी आपण ज्येष्ठांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, तीन भाषणे. आणि ज्यांचा सत्कार, त्यांना ‘वेळ कमी आहे’ म्हणून दोन मिनिटे. यंदा एक पुष्पगुच्छ आणि दोन भाषणे कमी करावीत, त्या पैशांत एक हार्ड डिस्क घ्यावी, आणि सत्काराच्या आधी प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी दोन तरुणांना तासभर पाठवावे, असा प्रस्ताव मी वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदनाला कोणी तरी हात वर करावा. माझ्या मामांपासून मी सुरुवात केली आहे. ते ८४ वर्षांचे आहेत आणि पहिल्याच रविवारी त्यांनी विचारले, ‘हे सगळे ठेवणार कुठे?’