चष्म्याचा नंबर आणि बाहुल्यांमधील अंतर

आपल्या चष्म्याचा नंबर किती, हें विद्यार्थी चटकन् सांगतात. पण दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्यें अंतर किती, असें विचारतांच हंसूं लागतात. पालकही निरुत्तर होतात. माझ्या मतें हें अज्ञान मुलांना फार महाग पडतें.

गेल्या वर्षीं माझ्या वर्गांतील एक मुलगा तिसऱ्या तासालाच चष्मा काढून ठेवी व डोकें दुखतें म्हणे. मीं तें आळसाचें निमित्त समजून त्यास दोनदां सर्वांसमक्ष बोल लाविला. पुढें कळलें कीं, चष्मा थोरल्या भावाचा होता. दोघांचा नंबर एकच, उणे चार. मग नव्याचा खर्च कशाला, असा वडिलांचा हिशेब. भिंगांच्या मध्यबिंदूंतील अंतर ६२ मिलिमीटर होतें. मुलाच्या बाहुल्यांतील अवघें ५६.

सहा मिलिमीटर म्हणजे काय मोठेंसें, असें वाटेल. परंतु भिंग किरणास सरळ जाऊं देतें तें केवळ मध्यावर. मध्य सोडून पाहिल्यास तें लोलकासारखें वागतें. प्रेंटिस नांवाच्या अमेरिकन चष्मेतज्ज्ञाचा नियम असा कीं, मध्यापासून जितके सेंटिमीटर चुकलें त्यास नंबरानें गुणावें. एक मीटर अंतरावर किरण तितके सेंटिमीटर ढळतो. येथें प्रत्येक डोळ्याची चूक तीन मिलिमीटर, म्हणून ०.३ गुणिले ४, म्हणजे १.२. एकाच्या दोन वस्तु दिसूं नयेत म्हणून त्या बिचाऱ्या डोळ्यांना दिवसभर बाहेरच्या बाजूस ताणावें लागत होतें!

अंतर मोजणें कठीण नाहीं. मुलासमोर सुमारें ४० सेंटिमीटरांवर, डोळे समपातळींत ठेवून बसावें व पट्टी त्याच्या नाकावर आडवी धरावी. आपला उजवा डोळा मिटून मुलास आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहण्यास सांगावें, आणि शून्याची रेघ त्याच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आणावी. मग पट्टी न हालवितां आपला डावा मिटून उजवा उघडावा. मुलानें आतां तिकडे पाहावें. त्याच्या डाव्या बाहुलीच्या मध्याशीं येणारा आंकडा हेंच दूर पाहतांनाचें अंतर. जवळचें वाचतांना तें तीनचार मिलिमीटरांनीं कमी होतें. नाक सर्वांचें अगदीं मध्यावर नसतें, म्हणून नंबर मोठा असल्यास चष्मेवाल्याकडून प्रत्येक बाहुलीचें नाकापासूनचें अंतर निराळें मोजवून घ्यावें.

प्रौढांत हें अंतर बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटर असतें. मुलांत कमी, आणि तें वयाबरोबर वाढतें. तेव्हां दोन वर्षांपूर्वींचा आंकडा आज चालवूं नये. हल्लीं घरबसल्या चष्मे मागविले जातात, त्यांत तर हा आंकडा आपणांसच कळवावा लागतो. नंबराच्या कागदावर तो लिहून मागण्यांत पालकांनीं मुळींच संकोच करूं नये. काटकसर मीं नाकारीत नाहीं. घडी जुनी असली तरी भिंगें तरी मुलाच्या मापाचीं हवींत.

त्या मुलास नवीं भिंगें मिळालीं. आतां शेवटच्या तासासही चष्मा त्याच्या डोळ्यांवर असतो. मीं त्याची क्षमा मागितली, तीही सर्वांसमक्षच.