होकायंत्राची चूक मोजायची की सोडून द्यायची?

कर्लीची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसले आहे. मासेमारी आणि पर्यटन या इथल्या दोन्ही धंद्यांना आपण नेमके कुठे आहोत हे कळणे आवश्यक असते. सुकाणूजवळ जीपीएस आल्यापासून हे काम सोपे झाले आणि होकायंत्र हळूहळू मागे पडले. उपग्रह काही मीटरच्या फरकाने जागा सांगत असताना चुंबकीय दिशामापन अधिक अचूक करण्यावर वेळ आणि पैसा खर्च करावा का, हा म्हणूनच रास्त प्रश्न आहे.

करू नये म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत एक लाख नौका येणार आहेत आणि तंत्र इस्रोचे आहे. संकटात संदेश पाठवणे आणि सागरी हद्द जवळ आल्याचा इशारा मिळणे ही ट्रान्सपॉन्डरची कामे; यांपैकी काहीही होकायंत्र करू शकत नाही. शिवाय किनारा दिसत असतानाच जाळे टाकणाऱ्याला अंशांचा हिशेब कशाला हवा? डोंगराचा सुळका आणि एखादे झाड एका रेषेत आणून जागा पक्की करण्याची त्याची खूण अनेक यंत्रांपेक्षा भरवशाची आहे.

मात्र जीपीएस होडीची जागा सांगते. होडी थांबलेली असेल तर तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, कुठे वळली आहे हे सांगत नाही. इंजिन बंद पडून रात्री वाहवत जाणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, नेमके तेच हवे असते. बॅटरी उतरली किंवा उपग्रहाच्या संदेशात कोणी मुद्दाम अडथळा आणला, तरी पृथ्वीचे चुंबकत्व चालूच राहते. होकायंत्रातल्या पाच अंशांच्या चुकीने बारा सागरी मैलांच्या प्रवासात होडी साधारण एक मैल बाजूला जाते. खडकाळ मालवण किनाऱ्यावर एक मैल फार होतो.

ही चूक येते कुठून? देवबागपाशी खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे. निसर्गाने इथे फारसा त्रास दिलेला नाही. त्रास आपणच आणतो. फायबरची होडी चुंबकाला उदासीन असते; पण इंजिन, नांगर, लोखंडी विंच आणि होकायंत्राशेजारी हौसेने बसवलेला स्पीकर तसे नसतात. दिलासा एवढाच की अशा वस्तूचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले की परिणाम साधारण आठव्या हिश्श्यावर येतो, आणि स्पीकर हलवायला पैसे पडत नाहीत.

जे हलवता येत नाही, त्याच्यासाठी दोन मार्ग उरतात: चूक मोजून वजा करणे किंवा मापनाची जागाच बदलणे. महाराष्ट्रापुढे हा पेच पूर्वीही आला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे दिसताच वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबाग निवडले. तिथली इमारत चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली गेली. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. स्थलांतर झाले, पण मोजमाप सोडले नाही. आमच्या मते या निर्णयाचे खरे शहाणपण त्या दोन वर्षांत आहे.

अर्थात वेधशाळा हलवता येते, इंजिन नाही. अधिक संवेदनशील यंत्र घ्यावे, असे कोणी सुचवील. पण असे यंत्र इंजिनाचा गोंधळही तितक्याच बारकाईने टिपेल. ज्ञात दिशांशी ताडून काढलेल्या दुरुस्त्यांचा तक्ता नसेल, तर महाग यंत्रही चुकीचेच सांगेल, फक्त अधिक दशांशांत. दुसरीकडे, असा तक्ता कायम टिकत नाही हेही मान्य केले पाहिजे. विंच बदलली की तो नव्याने करावा लागतो, आणि हंगामाच्या धावपळीत कोण करणार, ही तक्रार खोटी नाही.

पाण्याखाली तोल आणखी बदलतो. समुद्राच्या पाण्यात उपग्रहाचे संदेश पोचत नाहीत, त्यामुळे पाणबुड्याच्या मनगटावर होकायंत्रच राहते. निवृत्त युद्धनौका गुलदार निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालील संग्रहालय करण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला आहे. ही नौका सुमारे ८४ मीटर लांब आणि पोलादी आहे. तिच्या पोटात जीपीएसही नाही आणि होकायंत्रावरही विसंबता येणार नाही. कमी वारंवारितेच्या चुंबकीय संदेशांनी पाणबुड्याची जागा काढण्याची कल्पना आकर्षक आहे, कारण पाण्यातून ते रेडिओपेक्षा चांगले जातात. परंतु पोलादी भिंती त्यांनाही वाकवतात. इथे चुंबकीय अचूकतेच्या मागे लागू नये. प्रवेशापासून बाहेरपर्यंत ताणलेली दोरीच अनिवार्य करावी.

होड्यांबाबत आमचा कल मोजण्याकडे आहे, पण सरसकट सक्तीकडे नाही. किनाऱ्यालगतच्या होड्यांना सूट असावी. रात्री खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांनी नारळी पौर्णिमेच्या सुमारास, हंगामाच्या तोंडावर, तक्ता करून घ्यावा. पद्धत तांडेलाच्या खुणांचीच आहे: नकाशावर दिशा ठाऊक असलेल्या दोन खुणा एका रेषेत दिसतात ती रेषा आठ दिशांना तोंड करून ओलांडायची, आणि दर वेळी होकायंत्रावर त्या खुणांची दिशा किती येते ते लिहायचे. खर्च मच्छीमार सहकारी संस्थांनी उचलावा की मत्स्यव्यवसाय विभागाने, यावर मतभेद होतील. ट्रान्सपॉन्डर बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञाकडेच हे काम दिले, तर वेगळी फेरी वाचेल. आणि त्याने बसवलेले नवे यंत्र होकायंत्राला बाधते का, हेही त्याच फेरीत कळेल.