काळी माती आणि चोवीस तास

गेल्या रविवारी मामांचा नांदेडहून फोन आला. शहराबाहेरच्या एका नव्या ले-आउटमध्ये त्यांनी प्लॉट घेतलाय. दिवाळीनंतर बांधकाम काढायचं आहे. आधी माती तपासून घ्या म्हणून मीच मागे लागलो होतो, तर त्यांनी ती तपासून घेतली आणि रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवला. एक पानी रिपोर्ट. दाण्यांच्या आकाराबद्दल त्यात एकच ओळ होती: ७५ मायक्रॉनच्या चाळणीखाली गेलेली माती, ८१ टक्के. त्यापुढचे रकाने कोरे!

"मामा, पुढचं का नाही केलं?"

"साहेब म्हणायलेत, काळीच आहे ना, त्यात आणखी बारीक काय मोजायचं? एक दिवस जातोय नुसता."

आजचं लिखाण त्या एका दिवसाबद्दल आहे. मी सिव्हिलवाला नाही, कोड लिहून पोट भरतो, हे आधीच कबूल करतो. पण हा आठवडाभर सिव्हिलच्या मित्रांना पिडलं, भारतीय मानकं वाचली, आणि माझं मत पक्कं झालं: काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याने तो दिवस सोडू नये.

थोडं तांत्रिक आहे, पण वाचा. ७५ मायक्रॉन म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढी जाडी. मातीकामाच्या चाळण्या तिथे संपतात. त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र पडतात. ७५ ते २ मायक्रॉन हा गाळ, म्हणजे जवळजवळ दगडाचं पीठच. तो पाणी प्यायला तरी फारसा फुगत नाही. २ मायक्रॉनखाली चिकणमाती. आपल्याकडे ही माती बेसॉल्टपासून झालेली, आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्र्यासारखे थर असतात, पाणी थरांच्या मधे शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मराठवाड्यात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मामांचे ८१ टक्के बघा. त्यात ६० टक्के गाळ आणि २१ टक्के चिकणमाती असू शकते, किंवा नेमकं उलटं. घराच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्लॉट झाले. रिपोर्टमध्ये मात्र दोन्ही एकच!

मग हे वेगळं कसं करायचं? आयएस २७२० च्या चौथ्या भागात पद्धत दिली आहे. साधारण ५० ग्रॅम माती पाण्यात कालवून एक लिटरच्या काचेच्या उभ्या नळकांड्यात घालतात, हलवतात, आणि ठेवून देतात. मोठे कण लवकर बुडतात, बारीक तरंगत राहतात. स्टोक्सने १८५१ साली दाखवलेल्या नियमाप्रमाणे बुडण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. ७५ मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला सुमारे २० सेकंद घेतो. २ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला जवळजवळ आठ तास लागतात. मधल्या वेळात पाण्यात किती माती उरली हे हायड्रोमीटर सोडून बघायचं. दूधवाल्याचं लॅक्टोमीटर असतं ना, त्याचाच हा भाऊ :) पहिलं रीडिंग अर्ध्या मिनिटाला, शेवटचं चोवीस तासांनी.

म्हणजे जो आकडा आपल्याला हवा, तो संध्याकाळनंतरच मिळतो. पाच वाजता कुलूप लावणाऱ्या प्रयोगशाळेत तोच रकाना कोरा राहणार, किंवा त्याहून वाईट, अंदाजाने भरला जाणार.

घाई आणखी दोन ठिकाणी नडते. चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गोळे करतात. ते सुटे व्हावेत म्हणून सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि धुण्याचा सोडा यांचं द्रावण घालून माती नीट घुसळावी लागते. ते टाळलं तर गोळे गाळासारखे पटकन खाली बसतात. दुसरं म्हणजे तापमान. २० अंशाच्या पाण्यापेक्षा ४० अंशाच्या पाण्यात तोच कण जवळजवळ दीडपट वेगाने बुडतो. नांदेडचा मे महिना, एसी नसलेली खोली, आणि कोष्टक २० अंशाचं वापरलं, तर झालंच. गंमत (खरं तर गंमत कसली!) अशी की या दोन्ही चुका एकाच दिशेला जातात. चिकणमाती आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि खोडकर माती रिपोर्टमध्ये गरीब होऊन येते.

या परीक्षेलाही मर्यादा आहेत, ते लपवत नाही. स्टोक्सचा नियम गोल कणांसाठी आहे, आणि चिकणमातीचे कण चपटे असतात. म्हणून मिळतो तो 'तेवढ्याच वेगाने बुडणाऱ्या गोळ्याचा' व्यास. शिवाय आकारावरून खनिज कळत नाही. पण म्हणून आकडा फेकून द्यायचा नसतो, त्याला जोड द्यायची असते. १९५३ मध्ये स्केम्प्टनने सोपा भागाकार सुचवला: मातीचा प्लास्टिसिटी इंडेक्स भागिले चिकणमातीची टक्केवारी. उत्तर १.२५ च्या वर गेलं तर चिकणमाती चळवळी. खाली छेद देणारा आकडा हायड्रोमीटरचाच! सोबत फुगण्याची साधी परीक्षाही करावी: दहा-दहा ग्रॅम माती, एक पाण्यात, एक रॉकेलमध्ये, चोवीस तासांनी कोण किती फुगलं ते बघायचं. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, तुलना तिथेच होते.

"आमच्या मिस्त्रीला बोटानं कळतं," असं कुणी म्हणेल. मला मिस्त्रीबद्दल आदर आहे. काळी चार-पाच फूट असेल, तर खणून मुरमापर्यंत जाणं हा त्याचा सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. जुन्या लोकांनी तर गाव वसवताना काळी आणि पांढरी असा भेदच केला होता: काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. पण आता नांदेड आणि लातूर दोन्ही शहरं पांढरी सोडून काळीत पसरली आहेत. कालची तूर-सोयाबीनची रानं आज एनए प्लॉट झाली. नद्यांच्या बाजूला काळी किती खोल जाते हे बोटाला कळत नाही. त्यात आपलं एकमजली घर हलकं. खालून फुगणाऱ्या मातीला दाबून धरायला त्याचं वजन पुरत नाही, म्हणून तडे आधी तिथेच जातात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर येऊन हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्या घरात बांधकाम निघालं की पहिला प्रश्न कॉलमचा आणि सळईचा असतो. तो असायलाच हवा. पण कॉलम ज्या मातीत उभे राहणार, तिच्याबद्दल तेवढ्याच काळजीने कुणी विचारत नाही. भूकंप रोज येत नाही, पावसाळा आणि उन्हाळा मात्र दरवर्षी येतो, आणि काळी दरवर्षी फुगून आकसते.

परीक्षेतून हाती काय लागतं? निर्णय. साधं फूटिंग चालेल, की मुरमापर्यंत जायचं, की खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घालून ओलावा फारसा न बदलणाऱ्या थरात घर रोवायचं. हा फरक लाखांचा आहे, आणि दोन्ही बाजूंनी. गरज नसताना पाइल घालणं हाही तोटाच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील गावाकडे प्लॉट घेत असतील आणि हप्ते तुम्ही पुण्यातून भरत असाल. सळईचा ब्रँड विचाराल तसंच रिपोर्टमध्ये हे विचारा: २ मायक्रॉनखाली किती टक्के, शेवटचं रीडिंग किती तासांनी, आणि तेव्हा पाण्याचं तापमान किती. उत्तर द्यायला कुणी का-कू केलं, तर नमुना दुसरीकडे पाठवा.

मामांनी शुक्रवारी तसाच पाठवला. "एकाच्या जागी दोन दिवस लागू दे," म्हणाले. मुहूर्ताला अजून अवकाश आहे.